सोड की!

दाजी, आधी भांडण मिटवू. रडायचं असेल तर नंतर रडू, त्याला आता वेळच वेळ आहे.

तुम्ही जाऊन अजून महिना झाला नाही. माणसं यायची थांबली, सतरंज्या ज्याच्या त्याला परत गेल्या, आणि अक्काच्या फोटोशेजारी तुमचा फोटो लागला. कोणाच्या तरी लग्नातला आहे. फेटा बांधलाय आणि तोंडावर 'हे कधी आटपायचं' असा भाव. तुमच्या पोराला, संदीपला, दुसरा सापडला नाही. बाकी सगळ्या फोटोंत तुमच्यापुढे कुठल्या ना कुठल्या घोड्याचं तोंड आलंय.

भांडण तुम्हाला माहीत आहे. पुण्याचं. आपली घोडी हौसा तिथं उड्यांच्या स्पर्धेत पहिल्याच अडथळ्यासमोर उभी राहिली, फिरवून आणली तर पुन्हा उभी राहिली, आणि शेवटी घंटा वाजवून आम्हाला मैदानाबाहेर काढलं. तुम्ही म्हणालात, तू लगाम धरून ठेवलास. मी म्हणालो, नाही. बास, एवढंच भांडण. पण आपण दोघांनी ते इतकी वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. भाकरी गरम करताना करपली की तुम्ही म्हणणार, "तव्यावर धरून ठेवला असशील." माझ्या हातून दुधाचं पातेलं निसटलं की, "हे बरं सोडलास!" घोडी पेंडीवरून उठली तरी तिच्याकडं बघून माझ्यावर बोलणार. आता मला कळलंय ती का थांबली होती. पुराव्यासकट कळलंय. आणि ऐकायला तुम्ही नाही. हा काय न्याय झाला?

तुमच्या दारात मी पहिल्यांदा आलो तो पत्र्याची ट्रंक घेऊन. कोल्हापूरपाशी शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरी लागली होती, खोली मिळेपर्यंत चार दिवस बहिणीकडं राहतो म्हणून आलो होतो. तुम्ही फौजेतली घोड्यांची नोकरी संपवून नुकतेच परतला होता आणि गडमुडशिंगीच्या मळ्यातला ऊस काढून तिथं घोड्यांसाठी रिंगण करायच्या मागं लागला होता. अख्खा गाव हसत होता. उभा ऊस मोडून कोणी घोडी नाचवायला जागा करतं का? अक्काही हसायची, पण तुमच्या बाजूनं. मला बघून तुम्ही म्हणालात, "या पावणं. किती दिस?"

ते चार दिवस अजून संपले नाहीत. माझं लग्न जमलं नाही, शिफ्टा चालू राहिल्या, अक्कानं कधी जा म्हटलं नाही. आणि तुम्ही शेवटपर्यंत मला पावणंच म्हणत राहिलात. "पावणं, जेवा की." "पावणं, मोटर बंद केलाय न्हवं?" बायकोचा भाऊ म्हणजे थट्टेचा हक्क, तो तुम्ही एक दिवस वाया घालवला नाही. आता घर तेच आहे, पावणाही तोच आहे, या म्हणणारा तेवढा गेला.

घोड्यावर बसलो की मात्र माझा मान उतरायचा. खोगिरात बूड टेकलं, किंवा नुसता घोड्याचा विषय निघाला, की 'पावणं'चं 'तू' व्हायचं. त्या 'तू'नंतर जे यायचं ते इथं लिहीत नाही, अक्काचा फोटो समोर आहे.

मला घोड्यावर बसवायची पाळी तुमच्या गुडघ्यामुळं आली. भडंग घोड्यानं तुम्हाला कुंपणावर फेकलं, गुडघ्याची वाटी फुटली, आणि डॉक्टर म्हणाले, चालाल, पण घोडा विसरा. तुम्ही घोडा विसरला नाहीत, नुसती जागा बदललीत. अडथळ्याच्या डाव्या खांबाला पाठ लावून उभं राहायचं, खांद्यावर टॉवेल, हातात मोडक्या छत्रीची दांडी. वर बसायला कोणीतरी हवं होतं आणि घरात सकाळचा रिकामा मी एकटा होतो. तिशी उलटलेला, भट्टीवर काम करणारा, घोड्याला मागनं भिणारा माणूस तुम्ही खोगिरात कोंबलात. मला वाटलं, महिनाभरात कंटाळतील. तुम्ही कंटाळला नाहीत, आणि मग मलाच सवय लागली.

माझे हात फाउंड्रीतले. वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना हात हलला की काम बाद, कधी कधी पायही बाद. तिथं घट्ट धरणाऱ्याला किंमत. तुम्ही नेमकं उलटं शिकवायला निघालात. घोडा उडी घेतो तेव्हा मान लांब करतो. त्या क्षणाला वरच्यानं हात पुढं द्यायचा, लगाम सैल सोडायचा. नाही सोडला तर घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो आणि पुढच्या वेळी तो म्हणतो, नको ती उडी आणि नको तो हिसका. ऐकायला सोपं. पण अडथळा जवळ आला की माझ्या मुठी आपोआप आवळायच्या. तुम्ही समजावून सांगितलंत, शिव्या दिल्यात, लगामाऐवजी दोरी दिलीत. शेवटी तुम्ही ऐन उडीच्या टापेला खांबापाशी उभे राहून ओरडायला लागलात, "सोड कीऽ!" तो आवाज मळ्यापलीकडं रस्त्यावर ऐकू जायचा. त्या आवाजाला माझे हात एकदाचे ऐकायला लागले.

दाजी, तो 'सोड की' माझ्यासाठी होता. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

घोडी तरी तुमच्याकडं काय एकेक नमुन्याची होती. सरदार म्हणजे सरकारी कचेरीतला बाबू. अडथळा बघायचा, मान डोलवायची, काम होईल पण आजच होईल असं नाही. त्याला टाचा मारून मारून माझ्या पोटऱ्या दुखायच्या, पण एकदा उठला की काठीला नख लागू द्यायचा नाही. भडंग बरोबर उलटा, नावाच्या चुरमुऱ्यांसारखाच हलका आणि तिखट. लांबून अडथळा दिसला की शेपूट वर करून सुटायचा, आणि उडी घ्यायच्या जागेच्या किती आधी उडेल याचा नेम नसायचा. त्याच्यावर बसून मला तुम्ही गाणी म्हणायला लावायचात. मी भसाड्या आवाजात आरत्या म्हणायचो, दुसरं काही पाठ नव्हतं. भडंग आरतीला शांत व्हायचा, आणि कट्ट्यावर बसलेली अक्का पदर तोंडाला लावून हसायची. तुम्ही म्हणायचात, "घोडंबी माणसागत असतंय. एकाला शिवी लागती, एकाला ओवी."

आणि हौसा. पुण्याच्या शर्यतीतनं हरून हरून बाहेर काढलेली. तुम्ही तिला घेऊन आलात तेव्हा पागेत जागा नव्हती, घरात कोणाला विचारलं नव्हतं. अक्का म्हणाली, "हौसंनं आणलाय न्हवं? मग हौसाच म्हणू या." शिवी नको, ओवी नको, हौसाला विचार करायला वेळ लागायचा. नवी सून स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून बघते तशी ती रिंगणातली एकेक गोष्ट बघून घ्यायची. मी शिरोलीहून आणलेली तेलाची पिंपं, तुम्ही रंगवलेले बांबू, शेजारच्या तात्याच्या शेताच्या बांधावरचं बुजगावणं. जमिनीवर नुसता टाकलेला बांबू ओलांडायला तिनं कित्येक आठवडे घेतले. मी वैतागलो की तुम्ही पिंपावर बसून भाकरी खायला लागायचात. तुमचं बघून ती यायची, वास घ्यायची, आणि मग एक दिवस भाकरीच्या वाटेवर तो बांबू आहे हेच विसरून ती तो ओलांडून आली. तुम्ही ओरडला नाहीत, टाळी वाजवली नाहीत, चतकोर भाकरी पुढं केलीत. तेवढ्यासाठी मी तुम्हाला पुढचं सगळं माफ केलंय.

तिच्याबाबतीत तुमचा एकच मंत्र. "उडी घोड्याची असती. आपण निस्तं वझं. तिनं तिचं ठरिवलं पायजे." म्हणून तिला छडी नाही, टाच नाही, ओढाओढ नाही. आणि काय उडायची हो! पाठ अशी गोल करायची की खोगिरात बसल्या बसल्या वाटायचं, आपण लहानपणी झाडाच्या फांदीवर बसलोय. मात्र उडताना तिचा एक कान पुढं असायचा आणि एक डावीकडं. मी तुम्हाला विचारलं होतं, हा कान कुठं असतो? तुम्ही म्हणालात, "तुज्या हाताकडं हाय त्यो. कवा धरशील ह्येचा भरवसा न्हाय तिला." मी मान्य केलं. तुमचं म्हणणं मान्य करायची मला खोडच होती, पुण्यापर्यंत.

पुण्यात बाहेरून कोणी काही सांगायचं नाही असा नियम. खेळ घोड्याचा आणि स्वाराचा, तिसऱ्यानं तोंड उघडलं की बाद. तुम्ही दोरीपलीकडं उभे होता आणि टॉवेलचं टोक दातात धरलं होतंत. तुमचा स्वतःवर भरवसा नव्हता. मी वरून ते बघितलं आणि हसू आलं. हात सैल, गुडघे घट्ट, नजर पुढं, सगळं तुम्ही शिकवलं तसं. हौसा छान दौडत गेली, आणि अडथळ्यापाशी असं उभी राहिली जसं दार उघडायची वाट बघतेय. मी तिच्या मानेवर जाऊन पडलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाडीत पुढं आपण दोघं, मागं घोडी. कराड मागं पडल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात, "धरलास तू." मी म्हणालो, "न्हाय धरलं." तुम्ही म्हणालात, "मग काय तिला येड लागलं?" मी म्हणालो, "ती हायच खोडीची." हे मी बोलायला नको होतं, कारण हौसाला कोणी नाव ठेवलं की तुम्हाला आई-बहीण काढल्यासारखं लागायचं. अक्का होती तोवर या भांडणाला पंच होता. ती दोघांनाही ताट वाढून म्हणायची, "घोडी बोलली असती तर दोघांच्याबी मुस्काटात मारली असती." ती गेली, आणि तिच्या माघारी आपण दोघं ते भांडण सांभाळत बसलो. दुसरं बोलायला तरी काय होतं? दोन पुरुष, एक चूल, तात्याच्या शालनवहिनीकडनं येणाऱ्या भाकरी. भांडण होतं म्हणून घरात आवाज होता. ते आत्ता कळतंय, तुमची खुर्ची समोर रिकामी असताना.

त्या शेवटच्या सकाळी मी हौसाला खोगीर घालून रिंगणात आणलं, तुम्हाला हाक मारली, तुम्ही कट्ट्यावर टॉवेल खांद्यावर घेऊन बसलेले, चहा संपलेला. दुसरी हाक मारली. तिसरी मारली नाही, चालत आलो. माणसं जमली, संदीपला फोन गेले, सगळं झालं. हौसाच्या पाठीवरचं खोगीर तसंच राहिलं होतं. संध्याकाळी तात्याला दिसलं तेव्हा त्यानं काढलं.

रक्षाविसर्जनाला कावळा काही शिवेना. चहा ठेवला, भडंगाचा पुडा ठेवला. पाहुणे मंडळी एकेक शब्द देत होती. संदीप म्हणाला, घर विकणार नाही. तरी कावळा येईना. मला तसला शब्द देणं जमत नाही. शेवटी शेजारच्या मळ्यातला तात्या, ज्याला हळू बोलताच येत नाही, तो नदीकाठी उभा राहून गरजला, "दाजी, घोडीची काळजी करू नगा! पावणं हायती की!" आणि लगेच एक कावळा खाली उतरला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कोणाला काही वचन दिलं नव्हतं, दाजी, पण अडकलो त्यात.

आणि ज्या घोडीची जबाबदारी घेतली तिनं उडी सोडली. साफ. तुमच्यामागं पहिल्यांदा रिंगणात नेली तर सगळ्यात खालच्या काठीपुढं उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी हात इतके सैल सोडले की लगाम मानेवर लोंबत होता. काही नाही. दौडत यायची, थांबायची, डावीकडं बघायची. मला वाटलं दुःखानं. घोडी दुःख करतात, हे तुम्हीच सांगायचात. येणारी-जाणारी माणसं मलाच सांगत होती, "सोडा आता पावणं, किती दिवस धरून बसणार?" चांगल्या मनानं म्हणायची. पण तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की माझं डोकं फिरायचं.

संदीपनं पुण्याहून फोन केला. पोरगा वाईट नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणाला, "मामा, भडंग तर कधीच गेला, सरदार म्हातारा आहे, त्याला राहू दे. पण उडीपुढं थांबणारी घोडी म्हणजे तुझी हाडं मोडणार. बाबांचं बघितलंस ना?" वरातीला घोडी देणारा एक जण तिला न्यायला तयार होता. रविवारी संदीपही येणार होता आणि तोही. पांढरी नसली तरी देखणी आहे, झूल घालून चालेल म्हणाला. हौसा, दाजी. जी बुजगावण्याला आठवडाभर बघत बसायची, तिच्यासमोर बेंजो लावणार, फटाक्यांच्या माळा लावणार, आणि पाठीवर मोबाइल बघणारा नवरदेव. आणि मी काय तोंडानं नाही म्हणणार? घर संदीपचं, घोडी संदीपची. मी पावणा.

मग ते झालं. शनिवार होता, दुपारची लाइट आली होती, तात्याच्या मोटरीचा आवाज येत होता. मी हौसावर बसून नुसताच रिंगणात फेऱ्या मारत होतो. उडी मारायचा विचार नव्हता, दुसऱ्या दिवशी ती जाणार म्हणून तिच्यावर बसलो होतो. रिकिबीत पाय नव्हते. एका हातात लगाम, दुसऱ्या हातानं मी नाक पुसत होतो, खोटं कशाला सांगू. अडथळ्याच्या दिशेनं निघालो होतो, आणि बांधापलीकडनं तात्या शालनवहिनीवर ओरडला, "शालेऽ, पाणी सोड कीऽऽ!"

दाजी, हौसा उडाली.

काठीला ढुंकून न बघता, पाठ गोल करून, पहिल्यासारखी. मी उडालो नाही. मी होतो तिथंच राहिलो, म्हणजे जमिनीवर, बुडाखाली तुमचं छत्रीचं दांडकं. पलीकडनं शालनवहिनी ठणकावत होती, "सोडलो की मघाच! कान फुटलं काय तुमचं?" आणि हौसा अडथळ्यापलीकडं उभी राहून डावीकडं बघत होती. तिथं, त्या खांबाकडं.

मी तिथंच बसून तिच्याकडं बघितलं. मग हसायला लागलो, आणि हसता हसता डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं. तात्या बांधावर आला, म्हणाला, "पावणं, पडलासा काय?" मी म्हणालो, "तात्या, परत ओरड." त्याला वाटलं डोक्याला मार लागला. पण ओरडला बिचारा, दोन-तीनदा ओरडला, आणि मी तिला घेऊन आलो तशी ती दर वेळी गेली.

कळलं का दाजी? तो कान माझ्या हाताकडं नव्हता. तुमच्याकडं होता. माझ्यासाठी ओरडत होता तुम्ही, आणि शिकली घोडी. तिला वाटलं, उडी म्हणजे असंच असतं: दौडत जायचं, खांबापाशी माणूस म्हणतो 'सोड की', मग जायचं. पुण्यात ती दौडत गेली, दारापाशी थांबली आणि कोणी म्हणतंय का याची वाट बघत राहिली. आणि तुम्ही टॉवेल चावत उभे. घोड्यानं स्वतः ठरवलं पाहिजे म्हणणारा माणूस! आयुष्यभर तुम्ही तिला कशाची जबरदस्ती केली नाही, आणि तुमच्या एका शब्दाशिवाय तिनं एक उडी मारली नाही. हे जर मला तुम्हाला त्या दिवशी गाडीत सांगता आलं असतं, तर तुम्ही कराडलाच गाडी थांबवून हसला असता. आधी मला दोन शिव्या घातल्या असत्या, मग हसला असता. मला ते हसणं बघायचं होतं. भांडण जिंकण्यात मला काडीचा रस उरला नाही, पण ते हसणं माझं होतं आणि ते मला मिळालं नाही.

रविवारी संदीप आला. मी त्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. म्हटलं, खांबापाशी उभा राहा आणि मी सांगतो तसं ओरड. तो उभा राहिला, अगदी तुमच्या जागी, आणि उडीच्या टापेला म्हणाला, "सोड ना." हौसा थांबली. 'ना' म्हणजे काय ते कोल्हापूरच्या घोडीला कुठलं कळायला. मी म्हणालो, "की! सोड की!" तो म्हणाला, "मामा, थांब, माझ्याकडे बाबांचाच आवाज आहे." त्याच्या मोबाइलमध्ये तुम्ही होता. मागं कधी तरी सुट्टीला आला तेव्हा त्यानं रिंगणातलं काही टिपलं होतं. त्यानं आवाज मोठा केला, मोबाइल खांबावर धरला, आणि मी हौसाला घेऊन आलो.

"सोड कीऽ!"

ती उडाली नाही. कान ताठ करून थांबली, आणि मान वर करून इतक्या जोरात खिंकाळली की पागेतनं सरदारनं उत्तर दिलं. मग ती त्या खांबाभोवती फिरली. एकदा पिंपाचा वास घेतला. मी लगाम ओढला नाही, माझ्यानं झालं नसतं. तात्याचा आवाज तिला चालला होता, शब्द तोच म्हणून. पण हा तर तुमचाच आवाज होता, आणि तुम्ही कुठं दिसत नव्हता. तुम्ही गेल्यापासून मीही तो पहिल्यांदाच ऐकत होतो. संदीपनं मोबाइल खिशात घातला आणि तिथंच पिंपावर बसला. मर्तिकाला सगळ्यांना पाणी, चहा, गाड्या बघत हिंडणारा पोरगा, तो आत्ता रडला. वरातवाला फाटकापाशी मोटारसायकल लावून उभा होता. संदीपनं त्याला हातानंच नाही म्हणून सांगितलं. घरात जाताना मला म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ दे घोडी. आणि तूबी ऱ्हा." पुण्यात राहून राहून त्याची बोली गेली असं आपण म्हणायचो, ती तेवढ्यापुरती परत आली.

तेव्हा तो कावळा बरोबर होता. घोडी आहे, मी आहे.

फक्त काम दोघांचं आहे, दाजी. एकानं वर बसायचं, एकानं खांबापाशी उभं राहायचं. मी खाली उभा राहून ओरडलो तर वर कोण? आणि वर बसलो तर खाली कोण? तात्याला रोज त्याचं पाणी सोडून कोण बोलावणार? कालची रात्र मी याचाच विचार करत काढली, तुमच्या खुर्चीकडं पाठ करून.

आज सकाळी संदीपची गाडी गेल्यावर हौसाला खोगीर घातलं. काठी एकच लावली, खालची. मैदानात कोणी नव्हतं. तात्याची मोटर बंद होती. तिला दौडत आणलं, आणि उडीच्या टापेला मीच म्हणालो, "सोड की." मोठ्यानं म्हणायचं ठरवलं होतं, म्हणालो हळूच. तिचा डावा कान तुमच्या जागेकडं गेला. तिथं काही नव्हतं. मग तो कान हळूच मागं वळला, माझ्याकडं, आणि ती उठली.

मागचा खूर काठीला लागला. काठी हलली, पडली नाही. खाली उतरल्या उतरल्या माझी मान सवयीनं डावीकडं वळली, तुमची शिवी ऐकायला. खांब होता, पिंप होतं, त्यावर तुमचा टॉवेल मीच धुऊन वाळत घातला होता.

दाजी, म्या धरलं न्हवतं. आत्ताबी न्हाय आणि तवाबी न्हाय. तुमी बघायला पायजे हुतासा की.